उकललेला दोर

पाणी खाली गेलं की दोरवालीचं फावतं, असं गाव म्हणायचं. म्हणणारा अशा आवाजात म्हणायचा की जणू पाणी तिनंच धरून खाली ओढलंय. यंदा विहिरींनी तळ दाखवला होता. चाळीस हातांचा दोर ज्याला पुरायचा त्याला पन्नास हात लागत होता, पन्नासवाला साठाची चौकशी करत होता, आणि गावाबाहेरच्या पत्र्याच्या लांबट शेडमध्ये चाक सकाळपासून करकरत होतं.

शेड दोन्ही टोकांना उघडी. एका टोकाला चाक, त्याला तीन आकडे. चाक फिरवायला थोरली लेक, म्हणजे ताई. नवरा गेल्यापासून ती माहेरीच होती आणि तिचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला होता. धाकटा लेक कमरेला वाखाचा, म्हणजे घायपाताच्या तंतूंचा, भारा गुंडाळून आकड्यापासून उलट्या पावलांनी मागे मागे चालायचा. बोटांतून वाख सोडत जायचा आणि तोंडासमोर दोरा लांबत जायचा. हा एकच धंदा असा की माणूस जितका मागे जातो तितकं काम पुढे सरकतं. दोरवाली मधे उभी राहून पीळ बघायची. बघायची म्हणजे डोळ्यांनी नाही. दोन बोटं दोरावर ठेवायची आणि दुसरीकडे बघत बोलायची. पीळ सैल पडला की बोलणं मधेच थांबायचं, आणि दोघांनाही कळायचं की आता शिवी येणार.

धाकट्याला गावात कप्पी म्हणत. एकोणिसाव्या वर्षी त्यानं दोन मित्रांबरोबर एका बंद गिरणीतली पितळेची कप्पी उचलली होती. त्यातल्या एकाचा मामा वजनदार होता, दुसऱ्याचे वडील. याची फक्त आई होती, ती दोर वळायची. दीड वर्ष आत काढून तो परत आला, तेव्हा कप्पी मूळ मालकाला केव्हाच मिळालेली होती. नाव मात्र याच्याकडेच राहिलं.

तेव्हापासून गावात एक पद्धत पडली होती. कुणाचं काही हरवलं की आधी दोरवालीच्या घरी बघायचं. कुणी ठरवली नव्हती, पण पाळली मात्र अशी जायची की ठरवलेल्या गोष्टींनी लाजावं. शेळी हरवली, या बघा. शाळेची घंटा हरवली, या बघा. एकदा एका म्हाताऱ्याचा चष्मा हरवला. म्हाताऱ्यानं स्वतः येऊन ट्रंक उपसली, वाकून खाटेखाली बघितलं, आणि वाकताना चष्मा कपाळावरून नाकावर आला. “अरेच्चा,” एवढं म्हणून तो गेला. बाकीच्या वस्तूही कुठे ना कुठे सापडायच्याच. पण सापडलं हे सांगायला यायची पद्धत नव्हती.

दोरवालीनं मग आपल्या बाजूनं सोय करून ठेवली. ट्रंकेला कुलूप लावणं सोडलं. कपडे असे घडी करून ठेवायची की येणाऱ्याला वरून खालपर्यंत एका हातानं चाळता यावेत. पाहुण्यांना पाणी विचारावं तसं ती झडतीला आलेल्यांना विचारायची, “आधी आत बघता की शेडमध्ये?” त्यावर ताई एकदा म्हणाली, “आई, तू त्यांना चहासुद्धा करशील.”

“करीन. चहाचा डबा तरी उघडून दाखवावा लागणार नाही.”

मागच्या महिन्यात कॉलेजातली एक मुलगी छापील फॉर्म घेऊन आली होती. गुन्हा आणि समाज असा काहीसा तिचा अभ्यास होता. मुलगी गोड होती, उन्हानं लाल झाली होती. तिनं विचारलं, “तुमच्या घरात गुन्हेगारी प्रवृत्ती साधारण कधीपासून आहे?”

दोरवालीनं तिला आधी पाणी दिलं. मग विचारलं, “हे किती घरी विचारलंस बाळ?”

“या गावात तुमच्याच.”

“आणि ज्यांचं हरवतं त्यांना?”

मुलीनं फॉर्म उलटसुलट करून बघितला. त्यांच्यासाठी चौकोन नव्हता.

धाकट्याला दर सोमवारी सकाळी तीन कोसांवरच्या चौकीत हजेरी द्यावी लागायची. वर्षभर, एकही सोमवार न चुकता आणि गावातून एकही तक्रार न येता पार पडला, तर वहीतून नाव कमी. हवालदारानं तसं कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद दोरवालीनं ट्रंकेत सगळ्यात वर ठेवला होता, म्हणजे झडती घेणाऱ्याच्या हाती आधी तोच लागावा. अठ्ठेचाळीस सोमवार झाले होते. चार राहिले होते. नाव कमी झालं की तो शहरात दोराच्या कारखान्यात जाणार होता. तिथल्या मुकादमानं त्याचा सांधा बघून सांगितलं होतं, “कोरं नाव घेऊन ये, उद्या लावतो.”

सांधा ही धाकट्याची खासियत. तुटक्या दोराची दोन टोकं उकलून, तीन पदर तीन पदरांत घुसवून तो असे बसवायचा की जोड बोटाला लागायचा नाही. दोरवालीला स्वतःला इतका साधायचा नाही. ती हे कबूल मात्र करायची नाही.

त्या सोमवारी पहाटे तो पायात चपला अडकवताना म्हणाला, “आई, मागच्या वाखाच्या ढिगाला हात लावू नकोस.”

“का?”

“मी विंचरणार आहे, आल्यावर.”

“कधीपासून तुला विंचरायची हौस?”

“दुपारपर्यंत येतो.” आणि गेला. जाताना त्यानं मागे वळून ढिगाकडे बघितलं. ते दोरवालीनं बघितलं.

बाराच्या सुमारास शेजारची बाई रिकामी घागर घेऊन धापा टाकत आली. गावाच्या विहिरीचा दोर गेला होता. विहीर दुपारी चारलाच उघडायची, कारण झिरपून पाणी साठायला तेवढा वेळ लागायचा. पण गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष सकाळी पाण्याची पातळी बघायला गेले, तर रहाटावर दोर नाही. पाणक्याला, म्हणजे विहिरीवर नेमलेल्या माणसाला, बोलावलं. तो म्हणाला, रात्री कुलूप लावलं तेव्हा होता, पुढचं देवाला ठाऊक.

“तुझ्याकडे येतीलच,” शेजारीण म्हणाली. “म्हटलं आधी सांगावं. बघून घे काही असलं तर.” तिनं हे मायेनं सांगितलं होतं. गावात दोरवालीवर माया करणारी ती एकटीच, आणि तिलाही वाटत होतं की काही असेल.

ती गेल्यावर दोरवाली थोडा वेळ चाकापाशी उभी राहिली. मग शेडच्या मागच्या टोकाला गेली आणि ढिगात कोपरापर्यंत हात घातला.

गार लागलं.

साठ हात दोर, काळपट, विहिरीच्या शेवाळाचा वास मारणारा. तो तिनं स्वतःच वळला होता, चार वर्षांपूर्वी. आपल्या हाताचा पीळ आंधळ्यालाही कळतो. दोराचे दोन तुकडे केलेले होते. कापलेली टोकं उकललेली होती आणि त्यातले दोन पदर एकमेकांत घुसवलेले होते, तिसरा मोकळा लोंबत होता.

तिच्या बोटांनी ते टोक चाचपलं. काय आहे ते बोटांना कळलं. पण त्या घटकेला बोटांना कोण विचारतंय? तिच्या डोक्यात चार सोमवार होते.

“ताई, चाकावर ये.”

ताईनं दोर बघितला आणि भिंतीला टेकली. “आई, हा तर...”

“उलटं फिरव.”

“काय?”

“चाक. उलटं. उकलून टाकू. वाख झाला की कुणाच्या बापाला ओळखू येत नाही.”

त्या शेडमध्ये चाक कधी उलटं फिरलं नव्हतं. ताईनं दांड्याला हात लावला आणि पुन्हा काढला. “त्याला येऊ दे की. दोन तासांचा प्रश्न आहे. आल्यावर विचारू.”

“विचारायला वेळ आहे का?”

“आणि त्यानं नसेल चोरला तर?”

असा प्रश्न असतो हेच दोरवाली इतक्या झडत्यांत विसरली होती. तिनं दोराचं टोक आकड्यात अडकवलं आणि ओरडली, “फिरव म्हणते ना!”

चाक उलटं फिरलं. आवाजही वेगळाच आला, दाराच्या गंजक्या बिजागरीसारखा. चार वर्षं पाणी प्यालेला पीळ सहज सुटत नाही. दोरवाली पदर वेगळे करत मागे मागे जात होती. ओला, खरखरीत दोर तळव्यांतून सरकत होता आणि सरकताना कातडी घेऊन जात होता. अर्ध्या वाटेत तिनं लुगड्याचं टोक हाताला गुंडाळलं, तेही फाटलं. साठ हात दोर वळायला दिवस जातो. उकलायला त्या दोघींना पावणेदोन तास लागले. शेवटी कुरळ्या, काळपट वाखाचा ढीग झाला. तिनं तो नव्या पांढऱ्या वाखात मिसळला, वर पोतं टाकलं आणि त्यावर बसली. कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला तेव्हा कपाळाला रक्त लागलं.

“झालं,” ती म्हणाली. “आता येऊ देत.”

आधी धाकटा आला. घामानं निथळत, पण खुशीत. “एकोणपन्नास झाले!” असं दुरूनच ओरडत. मग सरळ शेडच्या मागच्या टोकाला गेला, पोतं उचललं आणि तसाच वाकलेला राहिला.

“आई, दोर कुठं आहे?”

“कसला दोर?” ती मोठ्यानं म्हणाली, रस्त्यापर्यंत जाईल अशी. मग जवळ येऊन हळू, “मिटवलं मी सगळं. आता कुणाला सापडायचा नाही. घाबरू नकोस.”

त्यानं मूठभर वाख उचलला. तो बोटांना कुरळा कुरळा चिकटत होता.

“पाणक्यानं दिला होता,” तो म्हणाला. “सांधायला. मधे विरला होता, आज-उद्या तुटला असता. नव्या दोराला समितीचा ठराव लागतो, आणि समिती महिनाअखेरीला बसते. मला विहिरीच्या कट्ट्याच्या दहा पावलांत यायची गावाची बंदी, म्हणून कुणाला सांगू नको म्हणाला. चारच्या आत सांधून देणार होतो. एक पदर राहिला होता, आई. एकच.”

ताईनं तोंडाला पदर लावला.

“मला का नाही सांगितलंस?” दोरवाली म्हणाली.

“सांगितलं असतं तर तू हात लावू दिला असतास?”

तेवढ्यात माणसं आलीच. पुढे अध्यक्ष, मागे गावचा शिपाई, त्याच्यामागे रिकाम्या घागरी घेऊन दहा-बारा बायका. पाणक्या सगळ्यात शेवटी होता आणि स्वतःच्या पायांची बोटं मोजत असल्यासारखा खाली बघत होता.

“आधी आत बघता की...” दोरवालीनं सवयीनं सुरुवात केली, आणि तिथंच सोडून ती बाजूला झाली.

त्यांनी आत बघितलं, ट्रंक बघितली, कागद बघितला, परत ठेवला. शेडमध्ये टांगलेले दोर एकेक करून बघितले. विहिरीचा त्यात नव्हता. अध्यक्षांनी खांदे उडवले. माणूस तसा वाईट नव्हता. सापडलं नाही तर नाही, असं म्हणायची त्याची तयारी दिसत होती. पण उन्हानं थकलेली एक बाई घागर खाली ठेवून ढिगावर टेकली आणि लगेच उठली.

“अगं बाई, हा वाख गार कसा?”

तिनं आत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. रोज संध्याकाळी तोच दोर तिच्या हातातून जात होता. तिनं मूठ नाकाला लावली, मग बाजूच्या बाईच्या नाकाला लावली. बायकांमधून ती मूठ नाकानाकाला लागत अध्यक्षांपर्यंत पोचली.

“नवा वाख सरळ असतो,” शिपाई म्हणाला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यानं लावलेला हा पहिलाच शोध.

धाकटा पाणक्याकडे वळला. “दादा, सांगा की.”

पाणक्यानं मान वर केली नाही. त्याच्याही घरी चार तोंडं होती. “मी काय सांगू? मी कुलूप लावलं होतं.”

“मी उकलला,” दोरवाली म्हणाली. “त्याचा काही संबंध नाही. हे बघा माझे हात.” तिनं दोन्ही तळवे पुढे केले. “तो सकाळपासून चौकीत होता, वहीत सही असेल त्याची. दोर मी उकलला.”

“मावशी,” अध्यक्ष इतक्या हळुवारपणे म्हणाले की बायकांपैकी एकीनं डोळे पुसले. “तुम्ही आई आहात. आम्हाला समजतं.”

“चाक मी फिरवलं,” ताई म्हणाली.

“तू बहीण आहेस.”

त्या घरात त्याचं कुणीच न लागणारं माणूस नव्हतं, म्हणून खरं बोललं तर धरलं जाईल असंही कुणी उरलं नाही.

“मी उकलला,” धाकटा म्हणाला. “काल रात्रीच. मीच नेला, मीच उकलला. यांना सोडा.”

“बघ,” अध्यक्ष म्हणाले, “आता कसं शहाण्यासारखं बोललास.” अकरा महिन्यांत गावानं त्याला पहिल्यांदा शाबासकी दिली.

शिपाई त्याला घेऊन निघाला. चार वाजत आले होते आणि पाणी तर काढायलाच हवं होतं, तेव्हा अध्यक्षांनी टांगलेल्यातला एक साठ हातांचा नवा दोर काढून घेतला. ठरावाची आठवण कुणाला झाली नाही. बायका घागरी उचलून दोरामागून गेल्या. पाणक्यानं दोर खांद्यावर घेतला होता. शेडच्या कोपऱ्यावर तो थांबल्यासारखा झाला, मग थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरवाली तीन कोस चालत चौकीत गेली. हवालदार वहीत काहीतरी आखत होता. पट्टी धरून, जीभ दातांत धरून.

“साहेब, दोर मी उकललाय. माझं नाव लिहा.”

हवालदारानं आखणी पुरी केली. “बसा, मावशी. तुमच्यावर आधीचं काही आहे?”

“नाही.”

“काहीच नाही? भांडण, मारामारी?”

“दोर वळायला वेळ पुरत नाही साहेब, मारामारी कधी करू?”

“मग तुमचं नाव मी कुठे लिहू?” त्याला खरंच अडचण झाली होती. “ही वही आहे ती असलेल्यांची. नसलेल्यांची वही नाही माझ्याकडे.”

“पण सोमवारी सकाळी तो इथं तुमच्यासमोर होता. सही बघा.”

त्यानं पान उलटलं, सही बघितली, बोटही ठेवलं. “आहे. ही सही कशाची आहे? हजेरीची. हजेरी कुणाची घेतो आम्ही?” त्यानं वही मिटली. नजर मात्र लगेच तिच्या हातांवर गेली आणि तो थोडा वरमला. “भेटा हवं तर त्याला. मागच्या खोलीत आहे. पाच मिनिटं.”

खोलीला एक दार होतं, त्याला गज. धाकटा जमिनीवर बसला होता, उठून जवळ आला. ती सगळी वाट मनात जे जुळवत आली होती ते आता शेवटाकडूनच तोंडात आलं.

“मी सांधा बघितला होता,” ती म्हणाली. “हाताला कळलं होतं मला. कुणी चोरलेला दोर सांधत बसत नाही. कळलं होतं, तरी उकलला.”

तो ऐकत राहिला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“आई, तुला एक सांगू?” तो म्हणाला. “पाणक्यानं दोर दिला तेव्हा चांगला उजेड होता. दोरवालीच्या पोराच्या खांद्यावर दोर, रस्त्यानं सरळ आलो असतो तर कुणी मान वळवली नसती. पण मी ओढ्यातून आलो. वाकून. तीनदा थांबून मागे बघितलं. घरी येऊन तो ढिगात खुपसला, तुझ्यापासूनसुद्धा. त्यानं स्वतःच्या हातानं दिला होता आई, आणि सगळी वाट मला वाटत होतं, मी चोरून आणतोय.”

तिनं गजांतून हात आत घातला, त्याच्या डोक्यावरून फिरवला. केसांत तळहात अडकला तशी ती चमकली आणि हात मागे घेतला.

“दाखव हात.”

“काही नाही.”

“तेल लावलंस का?”

तिनं मुठी मिटल्या आणि पदराआड नेल्या. “लावलं ना. कालच.”

तेल तिनं लावलं नव्हतं. त्यानं उलटून विचारलं नाही. आई म्हणतेय म्हणजे लावलंच असेल, अशी मान हलवून तो पुन्हा भिंतीशी जाऊन बसला.